फोनचं लॉक मोजणी विसरलं तर? चोराला पाहिजे तितक्या वेळा पिन टाकू देणारी चूक, आणि ती बुजवणारा अपडेट

जळगाव / धुळे : आठवडे बाजार, भाजीवाल्याकडची गर्दी, पिशवी सावरता सावरता खिशात हात जातो आणि खिसा रिकामा लागतो. "मना मोबाईल कोठे गया?" अशी एकच धावाधाव होते. शेजारचा माणूस नंबर लावून बघतो, तर फोन बंद. मग कोणीतरी धीर देतं, "लॉक आहे ना? मग घाबरू नका, तो काही उघडत नाही."

हा धीर बऱ्याच अंशी खरा असतो, पण पूर्ण खरा नाही. आज फोन गेला म्हणजे फक्त दहा-बारा हजारांची वस्तू गेली असं राहिलेलं नाही. त्याच फोनमध्ये यूपीआय असतं, बँकेचे मेसेज असतात, पीएम किसानच्या हप्त्याचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रावेर-यावलचा केळीवाला व्यापाऱ्याचा हिशोब व्हॉट्सॲपवर ठेवतो, शिंदखेड्याचा शेतकरी ई-पीक पाहणी फोनवरच करतो. हे सगळं एका चार आकडी पिनच्या भरवशावर उभं आहे. आणि त्या पिनची राखण ज्या व्यवस्थेकडे असते, त्या व्यवस्थेतच कधी कधी चूक निघते.

गेल्या काही वर्षांत आयफोन, अँड्रॉइड आणि विंडोज या तिन्हींमध्ये अशा चुका सापडल्या आणि कंपन्यांनी त्या दुरुस्तही केल्या. पण दुरुस्ती आपल्या फोनपर्यंत पोहोचते ती अपडेटमधूनच. अपडेट टाळला तर चूक तशीच फोनमध्ये राहते. ही चूक नेमकी काय असते, ती कशी बुजवली जाते आणि गावात बसून आपण काय तपासायचं, ते पाहू.

राखण पिनची नाही, मोजणीची

सायकलला लावायचं तीन आकडी नंबरचं कुलूप सगळ्यांनी पाहिलं आहे. ०००पासून ९९९पर्यंत एकूण १००० नंबर. एखादं चिवट पोरगं कट्ट्यावर बसून एकेक नंबर फिरवत गेलं आणि दर दोन सेकंदाला एक नंबर धरला, तर जास्तीत जास्त अर्ध्या-पाऊण तासात कुलूप उघडतं. कारण ते कुलूप चुका मोजत नाही. हजार वेळा चुका, त्याला काही फरक पडत नाही.

फोनचा चार आकडी पिन म्हणजे १०,००० नंबर. हाताने दर सेकंदाला एक टाकला तरी पावणेतीन तासांत सगळे संपतात. सहा आकडी पिनचे १० लाख होतात. नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नचे एकूण ३,८९,११२ प्रकार होतात, पण फक्त चारच ठिपके जोडले तर अवघे १,६२४.

मग फोन सुरक्षित कसा? कारण फोन चुका मोजतो. अँड्रॉइडवर साधारण पाच वेळा पिन चुकला की ३० सेकंद थांबावं लागतं आणि पुढे चुकत गेलं की थांबण्याचा वेळ वाढत जातो. आयफोनवर आधी एक मिनिट, मग पाच, मग पंधरा, मग एक तास असं होत होत दहा चुकांनंतर फोन बंदच पडतो. तशी सेटिंग केली असेल तर दहाव्या चुकीला आतला सगळा डेटा पुसलाही जातो.

म्हणजे चोराकडे दहा हजार नंबर टाकायला वेळ नसतो, त्याला मिळतात पाच-दहाच संधी. आंधळेपणाने पाच नंबर टाकले तर चार आकडी पिन बरोबर लागण्याची शक्यता दोन हजारात एक. एटीएममध्ये पिन तीनदा चुकला की कार्ड अडतं, त्यामागेही हाच हिशोब आहे. छोटा पिन सुरक्षित राहतो तो या मोजणीमुळे. मोजणी बिघडली की तोच पिन सायकलच्या कुलपासारखा होऊन जातो.

चूक पहिली : नोंद होण्याआधीच वीज कापली

एखाद्या गोदामावर राखणदार बसवला आहे असं समजा. कोणी चुकीची चावी लावली की त्याने वहीत एक रेघ मारायची आणि दहा रेघा झाल्या की गोदामाला सील लावायचं. आता चोराने युक्ती केली. चुकीची चावी लावायची, आणि राखणदार पेन उचलतो तेवढ्यात दिवे घालवायचे. दिवे आले तेव्हा राखणदाराला काहीच आठवत नाही आणि वही कोरी. परत दुसरी चावी, परत दिवे बंद.

आयफोनमध्ये हुबेहूब हेच झालं होतं. 'आयपी बॉक्स' नावाचं एक छोटं यंत्र बाजारात मिळत होतं, किंमत सुमारे २०० पाउंड. मार्च २०१५ मध्ये 'एमडीसेक' या ब्रिटिश सुरक्षा कंपनीने ते विकत घेऊन तपासलं. यंत्र फोनमध्ये आपोआप पिन टाकायचं. पिन चुकला हे कळताच, चुकीची नोंद फोनच्या मेमरीत पक्की व्हायच्या आत फोनची वीज तोडायचं. फोन पुन्हा चालू झाला की मोजणी होती तिथेच. एका पिनला सुमारे ४० सेकंद लागायचे. दहा हजार पिनला जास्तीत जास्त १११ तास, म्हणजे पाच दिवसही नाहीत. दहा चुकांनंतर डेटा पुसण्याची सेटिंग चालू असली तरी तिचा उपयोग नव्हता, कारण फोनच्या लेखी दहा चुका कधी होतच नव्हत्या.

ॲपलने नोव्हेंबर २०१४ मध्ये दिलेल्या आयओएस ८.१.१ या अपडेटमध्ये एक चूक बुजवली होती. पिन चुकण्याची मर्यादा काही परिस्थितीत पाळली जात नव्हती, ती पक्की केली, असं कंपनीने तेव्हा म्हटलं होतं. हे यंत्र ज्या चुकीवर चालतं ती हीच असावी, असा एमडीसेकचा अंदाज होता. यंत्र ज्या फोनवर चालवून दाखवलं त्यात जुनं ८.१ होतं. म्हणजे दुरुस्ती चार महिने आधी येऊन पडली होती आणि ज्याने अपडेट घेतला नाही तो फोन उघडा होता.

पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले संशोधक सर्गेई स्कोरोबोगातोव्ह यांनी दुसरी वाट दाखवली. आयफोन ५सी या मॉडेलची मेमरीची चिप त्यांनी सोडवून बाहेर काढली आणि तिची नक्कल करून ठेवली. काही पिन टाकायचे, मोजणी वाढली की जुनी नक्कल परत बसवायची, म्हणजे मोजणी पुन्हा शून्यावर. जणू वहीचं पानच बदलून टाकायचं. सुमारे १०० डॉलरच्या सामानात चार आकडी पिन दोन दिवसांच्या आत सापडू शकतो, असं त्यांनी दाखवलं.

दुरुस्ती काय केली? आधी रेघ, मग चावी

इलाज ऐकायला साधा आहे. राखणदाराला सांगायचं की कोणी चावी घेऊन आला की आधी वहीत रेघ मार आणि मगच त्याला चावी लावू दे. कुलूप उघडलं तर रेघ खोडून टाक. आता मध्येच दिवे गेले तरी रेघ आधीच पडलेली असते.

अँड्रॉइडमध्ये पिन तपासणारा जो भाग आहे, त्याला 'गेटकीपर' म्हणतात. नावाप्रमाणे तो दारावरचा राखणदारच. तो याच क्रमाने काम करतो. आधी चुकीची मोजणी एकने वाढवतो, मग पिन तपासतो, आणि पिन बरोबर निघाला तरच मोजणी पुसतो.

दुसरा इलाज म्हणजे वहीच राखणदाराकडे ठेवायची नाही, तिजोरीत ठेवायची. नव्या फोनमध्ये पिनची तपासणी आणि मोजणी मुख्य सिस्टीमपासून वेगळ्या, बंदिस्त भागात होते, काही फोनमध्ये तर त्यासाठी स्वतंत्र चिप असते. मेमरीची नक्कल करून पान बदलायची युक्ती तिथे चालत नाही.

तिसरा इलाज म्हणजे प्रत्येक पिन तपासायलाच मुद्दाम वेळ लावणं. आयफोनमध्ये एका तपासणीला सुमारे ८० मिलीसेकंद लागतील अशी रचना आहे. आपल्याला ते जाणवतही नाही. पण यावरूनच मोजणीचं मोलही कळतं. मोजणी अजिबात नसेल तर या वेगाने चार आकडी पिनचे सगळे १०,००० नंबर १३-१४ मिनिटांत संपतात. सहा आकडीला सुमारे २२ तास लागतात. छोटी अक्षरं आणि आकडे मिसळून सहा खुणांचा पासवर्ड ठेवला, तर सगळे प्रकार तपासायला साडेपाच वर्षांहून जास्त लागतात, असं ॲपल सांगते.

चूक दुसरी : सिमचं कुलूप उघडता उघडता फोनच उघडला

ही गोष्ट अँड्रॉइडची आहे, म्हणून आपल्याकडच्या बहुतेकांच्या जवळची. डेव्हिड शुट्झ हा हंगेरीचा सुरक्षा संशोधक. प्रवासात त्याच्या पिक्सेल ६ फोनची बॅटरी संपली. चार्जिंगला लावून फोन सुरू केला तर सिमचा पिन मागितला. तो त्याने तीनदा चुकवला. सिमचा पिन तीनदा चुकला की सिम अडतं आणि 'पीयूके' नावाचा आठ आकडी नंबर टाकावा लागतो. तो टाकून त्याने सिमला नवा पिन दिला. पुढे फोनने चक्क बोटाचा ठसा मागितला. फोन बंद होऊन सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिनच मागायला हवा, ठसा नाही. हे त्याला खटकलं.

मग तो पुन्हा पुन्हा करून पाहू लागला. एकदा फोन चालू असतानाच त्याने सिमचा ट्रे काढून पुन्हा बसवला, सिमचा पिन मुद्दाम तीनदा चुकवला, पीयूके टाकला, नवा पिन दिला. आणि फोन थेट उघडला! ना पिन, ना ठसा.

याचा अर्थ काय, तो लक्षात घ्या. चोराला आपला पिन ओळखायची गरजच नव्हती. त्याने स्वतःचं सिम आणायचं, ज्याचा पीयूके त्याला माहीत आहे, ते आपल्या फोनमध्ये टाकायचं आणि ही कसरत करायची. मोजणी कितीही पक्की असली तरी तिच्या शेजारून वाट निघाली होती.

असं का झालं? अँड्रॉइडमध्ये लॉकचे पडदे एकावर एक येतात. सिमचा पडदा, त्याच्याखाली फोनच्या पिनचा किंवा ठशाचा पडदा. पीयूके बरोबर आला की सिमचा पडदा "माझं काम झालं, आता समोरचा पडदा काढा" असा निरोप द्यायचा. पण सिम सुरू झालेलं पाहून सिस्टीमचा दुसरा एक भाग सिमचा पडदा आधीच काढून मोकळा झालेला असायचा. निरोप पोहोचेपर्यंत समोर उभा असायचा फोनच्या लॉकचा पडदा. निरोपात नाव नव्हतं, त्यामुळे तोच काढला जायचा.

गुगलने दुरुस्ती केली ती याच जागी. आता निरोपात नाव घालावं लागतं, "सिमचा पडदा काढा". समोर दुसरा पडदा असेल तर त्याला हात लागत नाही.

शुट्झने ही चूक २०२२ च्या जूनमध्ये कळवली. दुरुस्ती आली ती ५ नोव्हेंबर २०२२ च्या सुरक्षा अपडेटमध्ये. मधल्या काळात त्याने गुगलच्या लोकांसमोर ती करूनही दाखवली. ही चूक आधीही कोणीतरी कळवली होती, पण काम हललं ते शुट्झच्या कळवण्यामुळे, म्हणून गुगलने त्याला ७०,००० डॉलर दिले. तेव्हाच्या दराने ५० लाख रुपयांहून जास्त. अँड्रॉइड १०, ११, १२ आणि १३ या आवृत्त्यांना ही दुरुस्ती द्यावी लागली.

आपल्या गावात आजही अँड्रॉइड १० आणि ११ चे फोन हातोहाती फिरताना दिसतात. घरातल्या थोरल्याने नवा घेतला की जुना धाकट्याकडे, तिथून आजीकडे. त्यातल्या ज्या फोनवर नोव्हेंबर २०२२ नंतरचा अपडेट आलेला नाही, त्यांच्यावर ही दुरुस्ती पोहोचली नसण्याची शक्यता मोठी आहे.

बोटाचा ठसा तरी पक्का?

पिनपेक्षा ठसा बरा, असं बऱ्याच जणांना वाटतं. ठशालाही मोजणी असते, पाच-सहा वेळा जुळला नाही की फोन पिन मागतो. मे २०२३ मध्ये चीनमधल्या टेन्सेंट आणि झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी 'ब्रूटप्रिंट' नावाने एक पद्धत मांडली. फोन मागून उघडून ठसा वाचणाऱ्या भागाला सुमारे १५ डॉलरची एक पट्टी जोडायची आणि साठवलेले ठसे एकामागून एक पाठवायचे. ठसा जुळला नाही की नोंद व्हायच्या आत गोंधळ उडवून द्यायचा, म्हणजे फोन तो प्रयत्न रद्द समजतो, चूक समजत नाही. पुन्हा तीच गोष्ट, वहीत रेघ पडायच्या आत दिवे बंद!

तपासलेल्या अँड्रॉइड फोनवर असे हवे तितके प्रयत्न करता आले. आयफोनवर दहा प्रयत्न जास्तीचे मिळाले, पण फोन काही उघडला नाही, कारण तिथे ठशाची माहिती वाटेतही कुलूपबंद असते. बाजारातला खिसेकापू हे करत बसणार नाही, हे खरं. पण ठसा म्हणजे अभेद्य, हा समज सोडायला हवा.

सेवा केंद्रातला संगणकही यातून सुटलेला नाही

गावातलं आपले सरकार सेवा केंद्र, विकास सोसायटी, ग्रामपंचायत, कृषी सेवा केंद्र, सगळीकडे विंडोजचा संगणक आहे. त्यात गावकऱ्यांचे आधार, सातबारा, बँक पासबुक स्कॅन करून ठेवलेले असतात.

विंडोजमध्ये पासवर्ड ठराविक वेळा चुकला की खातं काही वेळ बंद करण्याची सोय जुनी आहे. पण गंमत अशी की सगळ्यात जास्त अधिकार असलेल्या 'ॲडमिनिस्ट्रेटर' या मूळ खात्याला ती लागूच होत नव्हती. घरातल्या खोल्यांना कुलूप आणि तिजोरी उघडी, असा प्रकार. दूरवरून इंटरनेटवर पासवर्डचा भडिमार करणारे नेमकं हेच खातं धरायचे. मायक्रोसॉफ्टने ११ ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटमध्ये या खात्यालाही मोजणी लावण्याची सोय दिली. दहा वेळा पासवर्ड चुकला की दहा मिनिटं बंद, अशी शिफारस केली. नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये हे आपोआप चालू असतं, जुन्या संगणकांवर ते स्वतः चालू करावं लागतं.

आणखी एक बाब. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. म्हणजे जादा मुदतीच्या सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलेली नसेल, तर त्या संगणकाला नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. ज्या केंद्रात गावाची कागदं आहेत, तिथे हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

आपला फोन कसा तपासायचा?

दोन मिनिटांचं काम आहे. सेटिंग्जमध्ये जा, 'अबाउट फोन' उघडा, त्यात 'अँड्रॉइड व्हर्जन'वर बोट ठेवा. तिथे 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' असं लिहून समोर एक तारीख असते. काही फोनमध्ये हीच तारीख 'सिक्युरिटी' किंवा 'प्रायव्हसी'च्या पानात सापडते. ती तारीख म्हणजे तुमच्या फोनने दुरुस्त्या कधीपर्यंतच्या घेतल्या आहेत, त्याची नोंद.

तारीख दोन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर ठीक. वर्षभर जुनी असेल तर 'सॉफ्टवेअर अपडेट' उघडून बघा, अपडेट येऊन पडलेला असू शकतो. तारीख नोव्हेंबर २०२२ च्या आधीची असेल तर वर सांगितलेली सिमची चूक त्या फोनमध्ये अजून असू शकते.

अपडेट घ्यायच्या आधी फोन निम्म्याहून जास्त चार्ज करा, कारण मध्ये लाइट जाते ती आपल्याला नवीन नाही. दिवसाचा डेटा संपायला आला असेल तर रात्री बारानंतर नवा डेटा सुरू झाल्यावर लावा. फोटो आधी दुसरीकडे ठेवले तर उत्तम. अपडेट झाल्यावर फोन एकदा बंद होऊन सुरू होतो, तेवढा वेळ द्या.

एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवा. फोनचा अपडेट कधीही व्हॉट्सॲपवर येत नाही. "फोन अपडेट करा", "पीएम किसान", "आरटीओ चलन" अशा नावाची, शेवटी 'एपीके' असलेली फाइल कोणी पाठवली तर ती उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली तरीही. खरा अपडेट फक्त सेटिंग्जमधूनच मिळतो.

अपडेट येणंच बंद झालं असेल तर?

कंपन्या कोणत्याही फोनला ठराविक वर्षंच दुरुस्त्या देतात. महागड्या काही मॉडेलना आता सात वर्षांचं आश्वासन असतं, स्वस्त फोनना त्याहून बरंच कमी. म्हणून नवा फोन घेताना कॅमेरा आणि बॅटरीच्या बरोबर दुकानदाराला विचारा, "सिक्युरिटी अपडेट किती वर्षं?" जुना वापरलेला फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी वरची तारीख स्वतः उघडून पाहा.

जुना फोन लगेच बदलणं प्रत्येकाला शक्य नाही. अशा फोनवर गाणी, व्हिडिओ, फोन कॉल खुशाल चालवा, पण मोठी शिल्लक असलेलं बँक खातं आणि यूपीआय त्यावर ठेवू नका. खर्चापुरते पैसे वेगळ्या खात्यात ठेवून तेवढंच फोनला जोडलं, तर नुकसानीला आपोआप मर्यादा पडते.

मोजणी पक्की, पण पिनच १२३४ असेल तर?

दुरुस्ती कितीही झाली तरी एक भोक आपणच ठेवतो. निक बेरी या अभ्यासकाने २०१२ मध्ये उघड्यावर आलेल्या ३४ लाख चार आकडी पासवर्डचा हिशोब मांडला होता. त्यातले जवळपास ११ टक्के एकटा १२३४. त्याच्या मागोमाग ११११ आणि ००००. हे तीनच मिळून १८ टक्क्यांच्या वर. म्हणजे पाच संधी मिळालेल्या चोराला तीन प्रयत्नांतच पाचातला जवळपास एक फोन उघडता येईल. मोजणी तिथे काय करणार?

आपल्याकडे आणखी काही सवयी आहेत. एमएच १९ किंवा एमएच १८ च्या मोटारसायकलचा नंबर पिन म्हणून ठेवायचा. मुलाचं जन्मसाल ठेवायचं. विसरू नये म्हणून कव्हरच्या आत चिठ्ठी घालायची. पॅटर्न असेल तर तेलकट बोटाने काचेवर उमटलेली रेघ तिरप्या उजेडात सरळ दिसते. पिन सहा आकडी करा, आणि तो गाडी, जन्मतारीख, मोबाईल नंबर यातला नसावा. यूपीआयचा पिन फोनच्या पिनपेक्षा वेगळाच ठेवा, नाहीतर एका चावीने दोन्ही दारं उघडतात.

सिमलाही पिन लावता येतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. तो नसेल तर चोर फोन उघडण्याच्या भानगडीतच पडत नाही. सिम काढतो, आपल्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. 'सिम लॉक' ही सोय सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या पानात असते. आधीचा पिन काय आहे ते सिम कंपनीला विचारूनच टाका, अंदाजाने नको. तीनदा चुकला की पीयूके लागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी. सिमच्या चिपमध्येही स्वतःची मोजणी असते, ती अशी.

अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनमध्ये 'थेफ्ट प्रोटेक्शन' नावाच्या सोयीही आल्या आहेत. सेटिंग्जमध्ये 'गुगल'च्या पानात त्या सापडतात. कोणी फोन हिसकावून पळाला किंवा वारंवार चुकीचे प्रयत्न केले तर पडदा आपोआप लॉक होतो. 'रिमोट लॉक' आधीच चालू करून ठेवलं तर दुसऱ्याच्या फोनवरून फक्त आपला नंबर टाकून चोरीला गेलेला फोन लॉक करता येतो.

फोन गेलाच, तर पहिल्या तासात

जवळच्या कोणाचाही फोन घ्या आणि याच क्रमाने करा.

१) 'रिमोट लॉक'ने किंवा गुगलच्या 'फाइंड हब'मधून (आधीचं नाव 'फाइंड माय डिव्हाइस') फोन लॉक करा, गरज वाटली तर पुसून टाका. सिम बंद होण्याआधी हे केलेलं बरं, कारण निरोप पोहोचायला फोनला इंटरनेट लागतं.

२) लगेच सिम कंपनीला फोन करून सिम बंद करा.

३) बँकेच्या मदत क्रमांकावर सांगून यूपीआय, एटीएम कार्ड आणि नेट बँकिंग थांबवा.

४) खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार झाली तर ते अडवता येण्याची शक्यता असते. इथे उशीर सगळ्यात महाग पडतो.

५) पोलीस ठाण्यात तक्रार द्या, तिची प्रत घ्या आणि 'संचार साथी' पोर्टलवर फोनचा आयएमईआय नंबर ब्लॉक करा. त्यानंतर तो फोन देशातल्या कोणत्याच नेटवर्कवर चालत नाही. हा नंबर आजच *#०६# डायल करून वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर तो कुठून आणणार?

कुठल्याही सिस्टीममध्ये चुका निघत राहणारच. त्या शोधणारे शोधतात, कंपन्या बुजवतात. आपल्या हातात उरतं ते एवढंच की बुजवलेलं भोक आपल्या फोनमध्येही बुजलं आहे का, ते पाहणं. ही बातमी वाचून झाली की तीच दोन मिनिटं आधी स्वतःच्या फोनला द्या, आणि मग घरातल्या आजी-आजोबांच्या फोनला. जुने आणि अपडेट न झालेले फोन बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतात, आणि पेन्शनचे पैसेही त्यांच्याच खात्यात येतात.